दोन सीटची हिरवी गाडी

रविवार, ९ फेब्रुवारी

आज एक गाडी बघितली. घ्यायची म्हणून नाही, नुसती बघितली.

भाजी घेऊन परत येताना तलावामागच्या गल्लीत एका फाटकावर पाटी दिसली: ‘गाडी विकणे आहे. चालते.’ ‘चालते’खाली दोन रेघा मारल्या होत्या. आत झाडाखाली ती उभी होती. गर्द हिरवी, बुटकी, वर कापडी टप, आत दोनच सीट. उन्हानं बॉनेटचा रंग साबणासारखा पांढुरका झालेला. पुढचे दिवे झोपल्यासारखे आत गेलेले; बटण दाबलं की वर येतात. कॉलेजात होतो तेव्हा या जातीच्या गाडीसाठी जीव टाकायचो. नंतर ते राहून गेलं, जसं पुष्कळ राहतं.

मालक बाहेर आले. सत्तरीचे, रुंद खांद्यांचे, आवाज मैदानावरचा. पोहायला शिकवायचे, सगळे मास्तर म्हणतात. अर्धं शहर मी पाण्यात ढकललंय, म्हणाले. विकायचं कारण गुडघा. “आत बसायला जमतं हो. बाहेर काढायला दोन माणसं लागतात.”

गाडी किती चालली आहे, असं विचारलं.

“तीन लाख किलोमीटरला थोडी कमी.”

मी टायरांकडे बघितलं. तर म्हणाले, “म्हणून तर एवढ्या स्वस्तात देतोय. न चाललेली हवी असेल तर शोरूममध्ये जा.”

घरी आलो तेव्हा ही गच्चीत कपडे वाळत घालत होती. तिला सांगितलं. “मग?” म्हणाली.

“मग काय, काही नाही. बघितली.”

“रंग कोणता?”

“हिरवा. उडालाय.”

हातातला टॉवेल तसाच धरून ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “आमच्या हॉस्पिटलचं नवीन फिजिओथेरपी केंद्र निघतंय, समुद्राकाठच्या गावात. अपघातातून उठलेल्या, गुडघे-पाठ गेलेल्या पेशंटांसाठी. चालवायला कोणीतरी हवंय. मला विचारलं.”

मी म्हटलं, “छान.”

“छान म्हणजे?”

“विचारलं, हे छान.” तेवढ्यात आठवलं की मास्तर या गाडीचे पहिले मालक की दुसरे, हे विचारायचं राहूनच गेलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज तपासणीत एक लिफ्ट बंद केली. दोराच्या बाहेरच्या चार-पाच तारा तुटलेल्या दिसल्या. लगेच काही होणार नव्हतं, पण माझं काम ‘लगेच’ बघण्याचं नाही, ‘कधीतरी’ बघण्याचं. वरच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “तुमचं बरं आहे. बंद ठेवली की सुरक्षितच असते.” आमच्या खात्यात हे वाक्य आम्ही चेष्टेत म्हणतो. त्यांनी चेष्टेत म्हटलं नव्हतं.

रात्री जेवताना गाडीचा विषय मीच काढला. मुद्दा सीटचा. म्हटलं, “दोनच आहेत. तिसरं माणूस आलं तर?”

“तिसरं कोण येणार आहे?” ही म्हणाली.

ते खरं आहे. लेक परदेशी गेली त्यालाही आता वर्ष होत आलं. तरी एक तत्त्व म्हणून सांगितलं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

कार्बनला घेऊन गेलो. कार्बन म्हणजे आमच्या जुन्या गाडीचा मेकॅनिक. खरं नाव त्याच्या आईलाही आठवत नसेल. ही म्हणाली, मीही येते. मला नवल वाटलं, कारण मागची गाडी घेतली तेव्हा ती थेट घरी आल्यावर तिनं पाहिली होती.

कार्बन नि मी तासभर गाडीखाली. पत्रा दोन ठिकाणी गंजलाय, मागून ऑइल पाझरतंय, क्लच शेवटच्या घटका मोजतोय. “इंजिन मात्र मनापासून चालतंय,” कार्बन म्हणाला. “बाकी सगळं कंटाळलंय.”

“घेऊ का?”

“मला कसलं विचारता? तुम्ही घेतलीत तर माझं घर चालेल.” मग कपड्यानं हात पुसत म्हणाला, “साहेब, अशी गाडी कुणी गरज म्हणून घेत नाही. वाटली तर घ्या. नाही वाटली तर सोडा. पण मला चार वेळा बोलावू नका.”

बाहेर आलो तर ही मास्तरांसमोर पायरीवर बसलेली, त्यांचा पाय आपल्या मांडीवर. गुडघ्याभोवती बोटं दाबत काहीतरी समजावत होती आणि मास्तर शाळेतल्या मुलासारखी मान डोलवत होते. मला घाई होती म्हणून फाटकातूनच हाक मारली. येताना ती म्हणाली, “त्यांचा गुडघा गेलेला नाही. त्यांनी तो वापरायचा सोडलाय, एवढंच.” मी म्हटलं, क्लच मात्र नक्की गेलाय.

रविवार, २ मार्च

मास्तरांनी गाडी दुपारभर दिली. “घेऊन जा. धरणापर्यंत फिरवून आणा. पाचपर्यंत आणलीत तरी चालेल.”

ही शेजारी बसली. एवढ्या खाली बसायची सवय नाही, त्यामुळे रस्ता अगदी अंगाशी आल्यासारखा वाटतो. टप मीच उघडला. कापड कुठे विरलंय ते बघायचं होतं. शहर संपेपर्यंत तिनं ओढणी डोक्यावरून घट्ट धरून ठेवली होती. धरणाच्या सरळ रस्त्याला लागल्यावर सोडून दिली. केसांची पिन काढून पर्समध्ये टाकली. मी गिअर बदलला, गाडीनं पुढे झेप घेतली आणि ही हसायला लागली. मलाही हसू आलं, कशाचं ते माहीत नाही. ती म्हणाली, “हसतोस की अजून.”

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, ती मला ‘अहो’च म्हणते. आज ‘तू’ म्हणाली. वाऱ्यात तोंडून गेलं असावं.

धरणाच्या कठड्याशी थांबलो. पाण्याकडे बघत तिनं विचारलं, “हाच रस्ता पुढे समुद्राला जातो ना?”

“हो. तीन तास.”

“असेच पुढे गेलो तर?”

“पाचला द्यायची आहे ना गाडी.”

“मास्तरांना फोन करता येतो.”

“मागचे टायर जुने आहेत,” मी म्हटलं. जुने आहेतच.

तिनं पर्समधली पिन काढून केस पुन्हा बांधले. येताना इंजिनाच्या तापमानाचा काटा थोडा वर गेला होता, पण धोक्याच्या रेषेखाली राहिला. साडेचारलाच गाडी परत केली. घरी पोचल्यावर चपला काढता काढता ही म्हणाली, “घेऊन टाका.”

हे मनापासून होतं की टोमणा, ते कळलं नाही. तिच्या दोन्हींचा आवाज एकच आहे.

गुरुवार, ६ मार्च

क्लच प्लेटचा भाव विचारला. मिळते, पण मागवावी लागते. कापडी टप शिवणारा एकच माणूस आहे आणि त्याचा फोन लागत नाही.

रविवार, १६ मार्च

लेकीचा फोन. आईशी तास झाला, मग मला दिला.

“बाबा, गाडी घेताय म्हणे.”

“घेत नाही. विचार चाललाय.”

“घ्या ना. आई त्या धरणाच्या रस्त्याबद्दल तीनदा बोलली.”

“टायर जुने आहेत.”

मग म्हणाली, “बाबा, आईशी बोला तुम्ही.”

“रोज बोलतो.”

“गाडी सोडून.”

यावरून असं दिसतं की हिला गाडी नको आहे आणि मला वाईट वाटू नये म्हणून ती लेकीकडून सुचवते आहे. मायलेकींचं हे जुनंच आहे. समोरून सांगितलं असतं तरी मी काही रागावलो नसतो.

मंगळवार, १ एप्रिल

ही आता आठवड्यातून दोनदा कामावरून येताना मास्तरांकडे जाते, गुडघ्यासाठी. काही घेत नाही. मी म्हटलं, चांगलंच आहे. ओळख राहिली की गाडी इकडे-तिकडे जाणार नाही.

आज मीही सहज डोकावलो. ही निघून गेली होती. मास्तर म्हणाले, परवा एक जण पैसे घेऊनच आला होता. जागेवर व्यवहार करत होता. “मी नाही म्हटलं. तुमच्या बाईंना शब्द दिलाय, एप्रिल संपेपर्यंत थांबेन म्हणून.”

हिनं मला हे सांगितलं नव्हतं. व्यवहाराला पक्की आहे. गाडी जास्त दिवस अडकली की माणूस भावात आणखी उतरतो, हा हिशेब असणार. मास्तर मात्र खुशीत दिसले. एका पायावर उभं राहून दाखवलं. मी त्यांना धरायला पुढे झालो तर म्हणाले, “लांब राहा. बाईंनी सांगितलंय, कुणाचा हात घ्यायचा नाही.”

शुक्रवार, १८ एप्रिल

संध्याकाळी ही म्हणाली, “महिनाअखेरीला कळवायचंय.”

“मास्तरांना. माहीत आहे.”

“मास्तरांनाही.”

मी म्हटलं, बघू. तिनं विचारलं, “तुम्हाला काय वाटतं ते सांगा ना. योग्य काय, ते नको. वाटतं काय?”

असा प्रश्न अचानक आला की माझी पंचाईत होते. म्हटलं, गाडी सुंदर आहे, पण भरवशाची नाही. ती म्हणाली, “भरवशाचं आपल्याकडे पुष्कळ आहे.” आणि उठून आत गेली. तिचं डोकं दुखत असावं. दिवा न लावताच आडवी झाली होती.

रविवार, २७ एप्रिल

निर्णय घेतला. नाही.

सगळ्या बाजूंनी विचार केला. गच्ची दोन वर्षं गळते आहे, तिचं काम आधी. गाडीचं काय, आज चालते, उद्या रस्त्यात बसेल, आणि या वयात बायकोला शेजारी बसवून हमरस्त्यावर ढकलगाडी करायची म्हणजे लोकांना फुकटचा तमाशा. शिवाय हिलाच नको आहे.

सकाळच्या चहाच्या वेळी सांगितलं. ती बशीत बोटानं पाण्याचा थेंब फिरवत होती.

“नक्की?”

“नक्की. नीट विचार करून.”

“तुम्ही विचार केलात हे दिसतच होतं,” म्हणाली. “बरं.” कप उचलले, विसळले, जागेवर ठेवले. मग फोन घेऊन गच्चीत गेली आणि बराच वेळ कुणाशीतरी बोलत होती.

अडीच महिन्यांचं ओझं उतरलं. दुपारी छान झोप लागली.

रविवार, ११ मे

कसं लिहावं ते कळत नाही.

दुपारी हिनं वरची मोठी बॅग काढून पुसायला घेतली. मी विचारलं, कुठे? म्हणाली, “समुद्राकाठच्या केंद्रावर. जूनमध्ये रुजू व्हायचंय. सध्या सहा महिन्यांसाठी.”

मी म्हटलं, “मला विचारलं नाहीस.”

“विचारलं होतं. तुम्ही छान म्हणालात.”

मला आठवलं. ती गच्ची, तो टॉवेल, सगळं आठवलं. पण तेव्हा ते असं नव्हतं. तेव्हा ते नुसतं बोलणं होतं.

“मला वाटलं, हॉस्पिटलातल्या गोष्टी सांगतेस.”

“त्याच सांगत होते.”

“मग पुन्हा का नाही काढलास विषय?”

ती बॅगेच्या चेनवर मेणबत्ती घासत होती, चेन अडकू नये म्हणून. म्हणाली, “मी वाट बघत होते. म्हटलं, यांनी ती गाडी घेतली तर मी नाही जाणार. हसू नका. असं माझं मीच ठरवलं होतं.”

मी हसत नव्हतो.

“गाडीचा आणि याचा काय संबंध?”

“तुमच्या दृष्टीनं नाहीच,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मला गाडीचं काही पडलेलं नाही हो. खटारा आहे ती. पण तुम्हाला काहीतरी हवंसं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी. मी म्हटलं, बघू या, हे हात पुढे करतात का. केला असतात तर मी शेजारी बसलेच होते.”

ती पुन्हा चेनवर मेणबत्ती घासायला लागली. शेवटी मी गच्चीच्या कामाला माणूस सोमवारी येणार असल्याचं सांगितलं. हे मी का सांगितलं?

बुधवार, १४ मे

रजा टाकली आणि सरळ मास्तरांकडे गेलो. ठरवूनच. वाटेत बोलायची वाक्यंसुद्धा ठरवली होती. गाडी घ्यायची, तीच घेऊन हॉस्पिटलच्या फाटकाशी उभं राहायचं, ही बाहेर आली की दार उघडायचं. पुढचं ठरवलं नव्हतं. तेवढ्यावरही मी खूश होतो.

फाटकावर पाटी नव्हती. गाडी होती, धुतलेली, टप उघडा. मास्तर घरातून आले. कठड्याला एक हात, पण पायऱ्या एकटे उतरले. माझ्याकडे बघून हसले, गाडीचं दार उघडून आत बसले आणि तसेच उठून बाहेर आले. घाम आला होता, तरी मला दाखवायला पुन्हा एकदा बसले.

“तुमच्या बाईंची कृपा. आता कशाला विकू? उद्या पोराकडे जातोय, ही घेऊनच.”

मी अभिनंदन केलं. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण शाळेत होती. तिच्यात झोपा करणाऱ्याचं तोंड कसं होत असेल ते आज कळलं. मास्तरांनाही दिसलं असावं. म्हणाले, “तुम्ही घ्यायला आला होतात की काय?”

“नाही, सहज.”

“बाई म्हणाल्या होत्या, तुमचं नाही ठरलं.” ते गाडीच्या बॉनेटवर हात टेकून उभे राहिले. “नंतर एकदा विचारलं त्यांनी, मी माझ्या नावावर घेतली तर चालेल का. मी म्हटलं, आनंदानं. तर आपणच म्हणाल्या, नको, एकटीनं घेऊन काय करू.”

चहा घ्या म्हणाले. मी घाईत असल्याचं सांगितलं. दिवसभराची रजा होती. दुपारपर्यंत तलावाच्या काठी बसलो आणि नेहमीच्या वेळेला घरी गेलो. हिला काही सांगितलं नाही.

रविवार, ८ जून

हिला सोडून आलो. आपल्या मोठ्या, भरवशाच्या गाडीतून. चार बॅगा, एक टेबलफॅन, एक खुर्ची, सगळं मावलं. मागची सीट पाडली की या गाडीत काहीही मावतं.

धरणाच्या रस्त्यावर ती काचेतून बाहेर बघत होती. मला काहीतरी बोलायचं होतं. मी एसी कमी करू का विचारलं.

तिची खोली दुसऱ्या मजल्यावर. एक खिडकी, समोर एका शाळेची भिंत, भिंतीपलीकडे समुद्र. दिसत नाही, ऐकू येतो. मी खिडकीची कडी बघितली, विजेची बटणं बघितली, गॅसची नळी हुंगून पाहिली, दाराला आतून दुसरी कडी हवी म्हटलं. ती खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत होती.

“पुरे. नीट आहे सगळं.”

“नळाचा वॉशर...”

“मी बदलून घेईन.” मग म्हणाली, “आज राहता का? अंथरूण एकच आहे, पण होईल.”

मी म्हटलं, “उद्या सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टची तपासणी आहे. आधीच ठरलेली.”

“हो. मग निघा. घाटात उजेड असलेला बरा.”

ती जिन्यापर्यंत आली. मी दोन पायऱ्या उतरून मागे वळलो तर म्हणाली, “नीट जा हं.” लेकीला विमानतळावर म्हणाली होती, तसंच.

ती लिफ्ट आणखी एक दिवस थांबली असती तर काही झालं नसतं. हे मला पहिल्या टोलनाक्यावर कळलं. नाक्याच्या पुढे वळायला जागाही होती. तिथे मी गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ उभा होतो. मग घरी आलो.

गुरुवार, १७ जुलै

गच्ची आता गळत नाही.

फोन रोज होतो. ती तिथल्या पेशंटांबद्दल सांगते, मी ऐकतो. पूर्वी मी हे ऐकत नव्हतो असं वाटायला लागलंय. आज एकदम म्हणाली, “तुम्ही मध्येमध्ये प्रश्न विचारता हल्ली.” मी म्हटलं, चांगलं की वाईट? म्हणाली, “चांगलंच. नवीन आहे, एवढंच.”

ऑफिसात खालच्या मजल्यावर बसणारा सहकारी म्हणतो, तुमचं बरं आहे साहेब, एकटा जीव सदाशिव. त्याला हो म्हटलं. एकटा जीव असणं मला जमेल असं वाटायचं. दोन कप काढायचे आणि एक परत ठेवायचा, यातच रोज सकाळ जाते.

शनिवार, १३ सप्टेंबर

न कळवता गेलो. कळवायचं ठरवलं असतं तर कधी, किती वाजता, यातच शनिवार संपला असता.

केंद्र एका जुन्या गोदामात आहे. लिफ्ट नाही, लांबलचक उतार केलाय. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, कुणाकडे आलात? मी हिचं नाव सांगितलं. “आत आहेत. वेळ लागेल. पेशंटचे कोण तुम्ही?” मी कोणी नाही म्हटलं आणि बाकावर बसलो.

समोर मोठी काच होती. आत दोन लोखंडी दांड्यांच्या मध्ये एक दांडगा माणूस उभा, पाय थरथरणारे. ही त्याच्यासमोर. दोन्ही हात पुढे केलेले, पण त्याला न लावलेले. ती काय बोलत होती ते ऐकू येत नव्हतं. त्यानं एक पाऊल टाकलं, ही एक पाऊल मागे सरली. तो थांबला, तीही थांबली. घाई केली नाही, चुचकारलं नाही, नुसती उभी राहिली, जगातला सगळा वेळ तिच्याकडे असल्यासारखी. मग त्यानं पुढचं पाऊल टाकलं. दांडीच्या टोकाशी पोचल्यावर तो माणूस रडायला लागला आणि ही त्याच्या पाठीवर थाप मारून खो खो हसली. आतले सगळेच हसले. मी त्या बाईला ओळखत नव्हतो. म्हणजे ओळखत होतो, पण अशी कुठे ठेवली होती तिनं, ते मला माहीत नव्हतं.

बाहेर आली तेव्हा मला बघून चेहरा बदलला. “काय झालं? घरी सगळं ठीक?”

“ठीक आहे. आलो नुसता.”

तिनं मशीनमधून दोन चहा आणले आणि शेजारी बसली. मी म्हटलं, “तुझं काम बघत होतो.”

“किती वेळ?”

“बराच.”

ती कपात बघत होती. “एवढी वर्षं फाटकाशी सोडायला यायचात. आत कधी आला नाहीत.”

“तू बोलावलं नाहीस,” मी म्हटलं. हे वाक्य परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं.

“हो. तेही आहेच,” ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं की तिला इथे कायम करतायत. सोमवारी तिनं हो म्हटलं. आज रात्री फोनवर सांगणारच होती. मी म्हटलं, “बरं केलंस.”

“खरंच?”

“खरंच. त्या माणसाला चालवलंस तू.”

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. तेवढ्यात पुढचा पेशंट आला आणि ती उठली. मी संध्याकाळपर्यंत तिथेच बाकावर बसून राहिलो. काम संपवून ती दोघी-तिघींबरोबर बोलत बाहेर आली आणि मला बघून थबकली. “अजून आहात?” राग नव्हता. आनंद होता असंही म्हणता येणार नाही. आश्चर्य होतं. बाकीच्यांना तिनं पुढे व्हायला सांगितलं.

समुद्राच्या कडेनं चालायला लागलो. ती रोज इथे येते, एकटी. मी म्हटलं, “दोन वर्षांनी मी रिटायर होतो. तेव्हा इकडे येऊ?”

ती चार पावलं पुढे जाऊन थांबली. मग म्हणाली, “हे फेब्रुवारीत विचारलं असतंत तर मी तिथेच टॉवेल टाकून नाचले असते.”

“आता?”

“आता माझी इथे घडी बसत आलीय. संध्याकाळी चालायला निघते, वाटेल तिथपर्यंत जाते, वाटेल तेव्हा परत येते. कुणाला विचारायचं नसतं. मला हे आवडायला लागलंय, आणि आवडायला लागलं याचं वाईटही वाटतं.” थोड्या वेळानं म्हणाली, “नाही म्हणत नाही मी. पण आज हो म्हणायला लावू नका.”

मी ठीक आहे म्हटलं. तेवढंच म्हणण्याचा हक्क होता. मग ती लेकीबद्दल बोलली, मी मास्तरांबद्दल. ते पोराकडे हिरव्या गाडीतून जाऊन आले. ती खूश झाली, गुडघ्याचं विचारलं.

अंधारायला लागलं. तिनं विचारलं, गाडी कुठे लावलीत? मी म्हटलं, पुढे आहे. पुढे नव्हती, आम्ही ती केव्हाच ओलांडली होती. रस्त्याच्या टोकापर्यंत गेलो, वळलो, आणि पुन्हा गाडीजवळून आलो तेव्हा मी समुद्राकडे बघून काहीतरी विचारलं. तिनं उत्तर दिलं. त्या टोकाहूनही वळलो. तिसऱ्यांदा गाडीजवळ आल्यावर ती थांबली, टपावर हात ठेवला आणि म्हणाली, “हीच ना तुमची?”

मी हो म्हटलं.